कादंबरीचा उत्तरार्ध कोणी लिहिला?

वसई-विरार पट्ट्यातील एका महाविद्यालयात मागील वर्षी एम. ए. मराठीच्या एका विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी विषय सुचवला. मूळ कर्त्यांच्या पश्चात दुसऱ्या हातांनी चालू ठेवलेली कृती, असा तो विषय. आणि नमुना म्हणून त्याने निवडली होती ‘एज ऑफ एम्पायर्स’ ही संगणकीय खेळांची मालिका. समितीने विषय दहा मिनिटांत निकाली काढला. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. असे निकाल देणाऱ्या समित्यांची महाराष्ट्रात वाण नाही. कारणे मात्र नोंदवून ठेवण्याजोगी आहेत. या खेळाला कर्ता नाही. ज्यांनी तो घडवला त्यांचा स्टुडिओ २००९ सालीच बंद पडला आणि त्यानंतर झाला तो निव्वळ व्यापार, हे पहिले कारण. खेळ म्हणजे साहित्य नव्हे, हे दुसरे. आणि त्याची संहिता वरचेवर बदलत असते, तेव्हा संदर्भ द्यायचा तो कोणत्या आवृत्तीचा, हे तिसरे.

“सर, मग ग्रामीण कवितेवर काहीतरी घेऊ का?” असे विचारीत तो मुलगा आमच्याकडे आला. ग्रामीण कवितेशी आमचे वैर नाही. पण ‘काहीतरी घेऊ का’ या शब्दांतली शरणागती आम्हांला सहन झाली नाही, आणि म्हणून हा लेख.

प्रथम हकिकत. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा पहिला खेळ १९९७ साली आला, घडवणारा स्टुडिओ अमेरिकेतील टेक्सासचा, नाव एन्सेम्बल. १९९९ साली दुसरा भाग आला आणि मध्ययुगीन राज्यांच्या उभारणीचा व संहाराचा हा खेळ जगभर पसरला. आपल्याकडेही पसरला. २००३-०४च्या सुमारास वसई रोड आणि विरार स्थानकांबाहेरच्या सायबर कॅफेंत चार-चार संगणक एकमेकांना जोडून मुले हा खेळ मांडून बसत आणि शेवटची फेरी संपेस्तोवर कॅफेवाला शटर अर्धे ओढून उभा असे. आज आमच्या वर्गांत तिशी-पस्तिशीचे जे अर्धवेळ अध्यापक आहेत, त्यांनी फ्रँक, सॅरासेन, बायझंटाइन ही नावे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकापूर्वी तेथे ऐकली. मायक्रोसॉफ्टने २००१ साली एन्सेम्बल विकत घेतला आणि २००९च्या जानेवारीत बंद करून टाकला. खेळ मात्र बंद पडला नाही. २०१३ साली हिडन पाथ या दुसऱ्याच स्टुडिओने दुसऱ्या भागाची नवी आवृत्ती काढली. २०१९ साली फरगॉटन एम्पायर्स या तिसऱ्या मंडळींनी तो आमूलाग्र नव्याने रेखाटला. २०२१ सालचा चौथा भाग कॅनडातील रेलिक स्टुडिओने घडवला. एका नावाखाली किती हात!

समितीतील विद्वानांना हाच दोष वाटला. मूळ कर्ता गेला, कृती संपली. पुढचे ते अनुकरण. विशेष असे की, या खेळाचे जुने कट्टर भक्तही हेच म्हणतात. ज्यांनी आयुष्यात एकदाही हा खेळ पाहिला नाही ते प्राध्यापक आणि ज्यांनी वीस वर्षे दुसरे काही पाहिले नाही ते भक्त, या एका मुद्द्यावर खांद्याला खांदा लावून उभे आहेत. दोघांनाही आम्ही एकच प्रश्न विचारतो. तुम्ही ज्या प्रकाराला मराठीत ‘कादंबरी’ म्हणता, त्याला ते नाव कोठून मिळाले?

बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून मिळाले, हे आपण पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. पण ती ‘कादंबरी’ बाणाने पुरी केली नाही, तिचा उत्तरार्ध त्याच्या मागे त्याच्या मुलाने लिहिला, ही गोष्ट आपण ओझरती सांगून पुढे सरकतो. मराठीत एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला ज्या ग्रंथाचे नाव मिळाले तो ग्रंथच दोन हातांचा आहे. पुढे एकनाथांकडे या. ‘भावार्थ रामायण’ त्यांच्या हातून पुरे झाले नाही. युद्धकांडाच्या चव्वेचाळीस अध्यायांनंतरची रचना त्यांच्या शिष्याची, गावबाची, असे परंपरा सांगते. पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी राहिलेला हा मुलगा आणि नाथांचे अपुरे रामायण पुरे करणारा हा कवी! गावबाची रचना नाथांच्या तोडीची आहे की नाही यावर वाद घालावा, तो वाङ्मयीन वाद आहे. पण नाथांसोबत रामायण संपले, गावबाचे अध्याय वाचण्याचे कारण नाही, असे वारकऱ्यांपैकी कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. म्हणतात ते आपल्या समितीतले लोक, आणि तेही गावबाबद्दल नव्हे, टेक्सासबद्दल.

बरे, ‘मूळ कर्ता’ म्हणून ज्याची पूजा चालते तो तरी एकटा होता काय? एन्सेम्बलच्या पहिल्या खेळाचे एक शिल्पकार ब्रूस शेली हे त्याआधी १९९१ सालच्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळावर सिड मायरसोबत काम केलेले गृहस्थ. तेथली इतिहासाची मांडणी त्यांनी सोबत आणली, हे खेळ पाहणाऱ्या कोणासही कळते. आणि २००९ची जी सीमारेषा भक्तमंडळी आखतात, ती तर मुळातच खोटी आहे. एन्सेम्बल जिवंत असतानाच, २००७ साली, तिसऱ्या भागाची ‘द एशियन डायनॅस्टीज’ ही विस्तार-आवृत्ती बिग ह्यूज गेम्स या दुसऱ्या स्टुडिओकडून घडवून घेतली गेली. त्या स्टुडिओचे अध्वर्यू ब्रायन रेनॉल्ड्स, म्हणजे ‘सिव्हिलायझेशन’च्या दुसऱ्या भागाचे रचनाकार. म्हणजे शेली आणि रेनॉल्ड्स एकाच गुरुकुळातले. आपल्या परिभाषेत बोलायचे तर कृती गुरुबंधूकडे गेली, आणि तीही मूळ कर्ता हयात असताना.

त्या २००७च्या आवृत्तीकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने जरूर पाहावे, कारण हिंदुस्थान या मालिकेत प्रथम राज्य म्हणून अवतरला तो तिच्यात. आणि कसा अवतरला! नकाशावर ‘भक्ती’ नावाची एक वस्ती असते. तिच्याशी सख्य केले की तुम्हांला लढवय्ये मिळतात, आणि त्यांच्या हातांत शस्त्र असते वाघनख. ज्ञानोबा-तुकोबांच्या, मीरेच्या, कबीराच्या परंपरेचे नाव घ्यायचे आणि हाती १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी निघालेले हत्यार द्यायचे! वीणा-टाळ घेऊन पंढरीला निघालेली दिंडी अमेरिकेतील एखाद्या कचेरीत पोहोचेपर्यंत तिचे पलटणीत रूपांतर होते. यावर हसावे, चिडावे, लेख लिहावा. पण ही संहिता वाचण्यासारखी नाही, असे म्हणू नये. भक्तीचे असे वाचन आपल्याकडच्या कोणत्याही परिसंवादात ऐकायला मिळणार नाही.

आता दुसऱ्या भागाकडे येऊ, कारण आमच्या विद्यार्थ्याचा मूळ मुद्दा तेथे आहे. १९९९ साली एन्सेम्बलने तेरा संस्कृती दिल्या. पुढील वर्षी आणखी पाच. चीन, जपान, मंगोल, पर्शियन, तुर्क, कोरियन सारे आले; भारत नाही. मूळ कर्त्याच्या मध्ययुगात भारत नावाचा देशच नव्हता. तो आणला कोणी? स्टुडिओ बंद पडल्यावर वाऱ्यावर सोडलेल्या या खेळात चाहत्यांच्या एका गटाने आपल्या फावल्या वेळात, कोणाचे वेतन न घेता, २०१२ साली पाच नव्या संस्कृती घातल्या; त्यांत एक ‘इंडियन्स’. पुढच्याच वर्षी ती हौशी भर अधिकृत आवृत्ती म्हणून प्रसिद्ध झाली आणि ती हौशी मंडळीच फरगॉटन एम्पायर्स या नावाने पुढे या खेळाची वारसदार झाली. वाचकच लेखक झाला. अभिरुचीच्या सिद्धान्तावर आपण दर सत्राला चार तासिका घेतो आणि वाचकाच्या सहभागाविषयी फळ्यावर बाण काढतो. येथे तो सहभाग डोळ्यांसमोर घडलेला आहे, तर आपण म्हणतो, याला कर्ता नाही.

त्या ‘इंडियन्स’मध्ये दोष होताच, आणि मोठा होता. एका नावाखाली अवघा उपखंड कोंबला गेला. चोळांचा सैनिकही हिंदीत हुंकार देई. भाषावार प्रांतरचनेसाठी ज्या राज्यात माणसांनी प्राण दिले, तेथल्या मुलाला हे खटकणार नाही तर कोणाला? २०२२च्या एप्रिलमध्ये वारसदारांनी आपली चूक स्वतःच दुरुस्त केली. ‘इंडियन्स’ मोडून त्यांच्या जागी हिंदुस्थानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली अशा चार संस्कृती आल्या. द्रविड सैनिक तमिळ बोलू लागला. पृथ्वीराजाची मोहीम गुर्जरांकडे गेली, राजेंद्र चोळाची, देवपालाची आणि बाबराची नवी मोहीम आली. मूळ कर्त्यालाच प्रमाण मानले असते तर भारताचा पत्ता नसता. पहिल्या वारसालाच प्रमाण मानले असते तर राजेंद्र चोळ हिंदी बोलत राहिला असता. कृती जिवंत राहिली म्हणून ती शहाणी झाली.

याचा अर्थ आम्ही वारसदारांची आरती ओवाळतो असा नव्हे. त्या चार नावांत देवगिरीचे यादव कोठे आहेत? ज्या राज्यात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते राज्य या मध्ययुगात अद्याप जन्मास यावयाचे आहे. मराठी मुलाने यादवांची सेना मांडायची तर ती गुर्जरांच्या नाहीतर द्रविडांच्या वस्त्रांत. २०२५ सालच्या ‘थ्री किंगडम्स’ या भरीबद्दल तर खेळणाऱ्यांनीच गदारोळ केला. लोकसमूहांच्या पंक्तीत तिसऱ्या शतकातील तीन चिनी राज्ये बसवणे, हा खेळाच्या स्वतःच्या व्याकरणाचा भंग होता, आणि तो आक्षेप आमच्या मते रास्तच होता.

वसईकराला याहून जिव्हारी लागणारे उदाहरण २०१५ सालचे आहे. त्या वर्षी या खेळात पोर्तुगीज आले, आणि त्यांच्यासोबत आली ‘फेतोरिया’ ही केवळ त्यांनाच बांधता येणारी इमारत. फेतोरिया म्हणजे आपल्या भाषेत वखार. ती एकदा उभी केली की अन्न, लाकूड, सोने आणि दगड आपोआप जमा होत राहतात. कोणी नांगरत नाही, कोणी तोडत नाही, कोणी खणत नाही. बाकी सर्व संस्कृतींना ज्यासाठी गडी राबवावे लागतात ते पोर्तुगिजांना वखारीच्या भिंतीतून पाझरते. आता हा खेळ वसईच्या किल्ल्यापासून चार मैलांवर बसलेला मुलगा खेळतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाकडून पोर्तुगिजांना मिळालेली, त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी ठरलेली ही वसई. येथले लाकूड गलबतांना लागले, येथला दगड तटाला आणि चर्चना लागला, गावेच्या गावे ठरावीक फाळ्यावर पोर्तुगीज कुटुंबांकडे दिली गेली. आणि त्या गावांत कसणारे, तोडणारे, खणणारे हात होते. त्यांचे वंशज आज पापडीच्या बाजारात केळी विकतात आणि आमच्या वर्गात बसतात. खेळाच्या नियमात श्रम अदृश्य होतात तेव्हा ते वसाहतवादाचे अत्यंत काटेकोर आत्मचरित्र असते: संपत्ती आपोआप आली, असेच तर प्रत्येक वखारवाल्याने मायदेशी कळवले असेल. आमच्या विद्यार्थ्याने हे आपल्या टिपणात लिहिले होते. समितीतील एकाही सदस्याने त्याला त्याबद्दल प्रश्न विचारला नाही. खेळ म्हणजे साहित्य नव्हे, या आक्षेपाला आम्ही याहून वेगळे उत्तर देणार नाही. साहित्य नसेल, पण त्या टिपणातले वाचन साहित्याच्या विद्यार्थ्याचेच होते.

राहिले तिसरे कारण, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तीनांपैकी जीव आहे तो याच्यातच. संहिता बदलत राहते हे खरे. पण ज्यांच्या विभागात पाठचिकित्सा हा विषय शिकवला जातो त्यांनी हे कारण पुढे करावे, याचे नवल वाटते. ज्ञानेश्वरीची संहिता बदलत गेली म्हणूनच १५८४ साली एकनाथांना ती शुद्ध करायला बसावे लागले. आणि एकनाथांनी शुद्ध केलेलीच एक प्रत उरली असती तर पुढचा सारा वाद संपला असता. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून दुसरी प्रत छापली, म्हणून तर नाथांनी काय केले असावे याचा विचार आपण करू शकतो. अडचण संहिता बदलण्यात नाही. जुनी संहिता हाती राहते की नाही, यात आहे.

आणि येथे भक्तमंडळींच्या रागात जे सत्य आहे ते आम्ही मान्य करतो. वारसदार शत्रू ठरतो तो याच ठिकाणी. ‘वॉरक्राफ्ट ३’ या दुसऱ्या एका गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती २०२०च्या जानेवारीत आली, तेव्हा ज्यांनी जुना खेळ पैसे मोजून घेतला होता त्यांच्याही संगणकावर जुन्याच्या जागी नवा कार्यक्रम येऊन बसला. नव्या आवृत्तीत उणिवा होत्या, त्या सोडा. एखाद्या प्रकाशकाने नवी आवृत्ती काढली की वाचकाच्या कपाटातील जुने पुस्तक उचलून न्यावे, तसला हा प्रकार. गावबाने उरलेले अध्याय लिहिले. नाथांचे अध्याय त्याने पुसले नाहीत. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या वारसदारांना आम्ही या कसोटीवर बरे गुण देतो. प्रत्येक सुधारणेसोबत काय बदलले याची तपशीलवार यादी ते प्रसिद्ध करतात, आणि ज्यांच्याकडे १९९९ची तबकडी आहे त्यांच्याकडून ती कोणी हिसकावलेली नाही. तिसऱ्या भागाच्या २०२०च्या आवृत्तीत त्यांनी ‘इरोक्वा’ आणि ‘सू’ ही परक्यांनी दिलेली नावे काढून ‘होडेनोशोनी’ आणि ‘लकोटा’ ही त्या समाजांची स्वतःची नावे घातली, आणि का घातली हेही सांगितले. आपल्याकडच्या कित्येक ‘सुधारित’ आवृत्त्यांच्या संपादकांना एवढेही सुचत नाही. कवीच्या निधनानंतर निघालेल्या समग्र संग्रहांत ओळी बदललेल्या असतात आणि कोणी, कधी, कशासाठी बदलल्या याचा उल्लेख प्रस्तावनेतही नसतो. तेव्हा संदर्भ कोणत्या आवृत्तीचा द्यायचा हा प्रश्न समितीने आधी आपल्या कपाटाला विचारावा. आमच्या विद्यार्थ्याकडे त्याचे उत्तर होते. त्याने प्रत्येक विधानापुढे आवृत्तीचा क्रमांक लिहिला होता.

वसईत राहून हे सारे समजावून सांगावे लागते, याचाही विस्मय वाटतो. या गावाला पोर्तुगिजांनी बासाईं म्हटले, मराठ्यांनी किल्ल्याला बाजीपूर म्हटले, इंग्रजांनी बॅसीन म्हटले. एन्सेम्बल बंद पडला त्याच २००९ साली चार नगरपरिषदा आणि कित्येक गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि २०१४ साली आम्ही ठाण्यातून पालघर जिल्ह्यात गेलो. चालक बदलला म्हणून गाव संपले असे कोणी म्हणाले नाही. चिमाजी अप्पाच्या विजयानंतर येथल्या चर्चमधल्या घंटा देशोदेशीच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरी त्या आजही पाहायला मिळतात. ओतणारा कारागीर पोर्तुगीज, टांगणारा मराठा. नाद कोणाचा, असा लघुप्रबंध कोणी मांडला तर समिती आनंदाने मान्यता देईल, अशी आम्हांला खात्री आहे.

त्या विद्यार्थ्याने आता ग्रामीण कवितेवरच विषय घेतला आहे आणि तो मन लावून काम करतो आहे. रात्री मात्र दुसऱ्याच कामात असतो. खेळासोबत येणाऱ्या सिनॅरिओ एडिटरमध्ये, म्हणजे आपला प्रसंग आपण रचण्याच्या त्या साधनात, तो १७३९चा वसईचा वेढा मांडतो आहे. तिन्ही बाजूंची खाडी आणि समुद्र झाला आहे, तट झाला आहे, सॅन सेबॅस्टियनचा बुरूज झाला आहे. सुरुंग लावणाऱ्यांसाठी त्याने खेळातलाच पेटार्ड नावाचा दारूच्या पिंपांसह धावणारा गडी घेतला आहे. पोर्तुगिजांना फेतोरिया बांधू द्यायची नाही, असा नियम त्याने स्वतः घातला आहे. त्यांना प्रत्येक ओंडका माणसाकडूनच तोडून घ्यावा लागेल. अडले आहे ते एका ठिकाणी. चिमाजी अप्पाच्या फौजेसाठी खेळात संस्कृती नाही. “मॅडम, गुर्जर घेऊ की हिंदुस्थानी?” असे त्याने परवा आमच्यातल्या एकीला विचारले. आम्ही तिघांनी तीन उत्तरे दिली. त्याने तूर्तास ती जागा रिकामी ठेवली आहे.